सराफ्यातला गोळा आणि पारदर्शक सिरॅमिक

इंदूरच्या सराफ्यात रात्री गोळा खाताना एक गंमत बघा. किसलेला बर्फ पांढराफेक असतो. त्यावर सरबत पडलं की जिथे ते मुरतं तिथला पांढरेपणा जातो. बर्फ मुळात पारदर्शकच; तो पांढरा दिसत होता कणांमध्ये अडकलेल्या हवेमुळे. हवेचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळतो हे सांगणारा आकडा, १; बर्फाचा १.३१. हवेतून बर्फात, बर्फातून पुन्हा हवेत, असं पावलोपावली वळावं लागल्याने प्रकाश चहूकडे उधळतो. सरबताचा अपवर्तनांक बर्फाच्या जवळचा, म्हणून ते हवेच्या जागी शिरलं की उधळण कमी होते.

सिरॅमिकमध्येही मुख्य अडचण हीच. पूड दाबायची, वितळू न देता भाजायची, की कण एकमेकांना चिकटतात. पण मध्ये छिद्रं राहतात. १९५० च्या दशकाच्या अखेरीस जनरल इलेक्ट्रिकमध्ये रॉबर्ट कोबल यांनी अ‍ॅल्युमिनात किंचित मॅग्नेशियम ऑक्साइड घालून ही छिद्रं जवळपास घालवली. एलईडीच्या आधी रस्त्यांवर जे पिवळे सोडियमचे दिवे होते, त्यांतल्या अनेकांच्या आतली नळी याच सिरॅमिकची. ती दुधी असे, कारण अ‍ॅल्युमिनाच्या स्फटिकाचा अपवर्तनांक दिशेनुसार बदलतो आणि शेजारचे कण वेगवेगळ्या दिशांना तोंड करून बसलेले असतात. काचेसारखं आरपार दिसायला हवं असेल, तर सर्व दिशांना सारखी अशी घनीय रचनाच बरी.

आता तोच सराफा दिवसा पाहू. बावीस कॅरटच्या सोन्यात २४ पैकी २२ भाग सोनं, उरलेल्यात तांबं-चांदी. मालक एक, बाकीचे पाहुणे. मिश्रधातू बनवायची माणसाची जुनी रीत हीच. २००४ मध्ये तैवानचे ज्येन-वेई येह आणि ब्रिटनचे ब्रायन कँटर यांनी स्वतंत्रपणे पाच किंवा अधिक धातू साधारण सारख्या प्रमाणात घेतले आणि मालकच ठेवला नाही. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने हेच ऑक्साइडमध्ये केलं: मॅग्नेशियम, कोबाल्ट, निकेल, तांबं आणि जस्त. थंडपणी तांब्याचं ऑक्साइड वेगळं राहतं. सुमारे ८७५ अंश सेल्सियसच्या वर पाचही एकाच स्फटिकात मिसळतात. अणूंना बसायच्या जितक्या जास्त तऱ्हा, तितकी एन्ट्रॉपी जास्त, आणि तापमान वाढेल तसा तिचा प्रभाव वाढतो. म्हणून अशा मिसळींना ‘हाय एन्ट्रॉपी’ पदार्थ म्हणतात. झटकन थंड केलं तर ही मिसळ तशीच टिकते.

इतका गोंधळ आत असताना पदार्थ पारदर्शक कसा होईल? होतो, कारण हा गोंधळ प्रकाशाच्या नजरेत भरतच नाही. अणूंमधलं अंतर नॅनोमीटरच्याही काही दशांशाइतकं, तर दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर. प्रकाशाला नडतात ती छिद्रं आणि वेगळे पडलेले ठिपके. पाच घटक एकजीव राहिले तर निदान ठिपक्यांचा प्रश्न सुटतो. छिद्रांसाठी मात्र निर्वात भट्टी, गरम वायूचा प्रचंड दाब यांसारखे उपाय वेगळे करावे लागतात.

रंगाचंही पाहावं लागतं. कोबाल्ट, निकेल, तांबं दृश्य प्रकाश शोषतात, म्हणून वरची मिसळ इथे निरुपयोगी. इट्रियम, लॅन्थॅनम, गॅडोलिनियम, ल्युटेशियम अशी रंगहीन दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं त्यापेक्षा सोयीची. त्यांतल्या पुष्कळांचे आकार इतके जवळचे असतात, की ती एन्ट्रॉपीच्या भरवशाशिवायही मिसळतात. म्हणून पाच नावं दिसली की ‘हाय एन्ट्रॉपी’चं बिरुद लावायची सध्याची फॅशन मला थोडी खटकते.

लेसरवाल्यांना या पदार्थांत रस आहे, आणि इंदुरात लेसरवर संशोधन करणाऱ्या राजा रामण्णा केंद्रामुळे लेसर हा शब्द काही परका नाही. लेसरचा प्रकाश देणारा आयन (विद्युतभारित अणू) अशा स्फटिकात प्रत्येक जागी वेगळ्या शेजाऱ्यांमध्ये बसतो. त्यामुळे त्याच्या प्रकाशातल्या तरंगलांबींचा पट्टा रुंदावतो आणि अतिशय छोटे स्पंद, म्हणजे प्रकाशाचे क्षणिक झोत, मिळवायची सोय होते.

पण उष्णता प्रकाशासारखी नाही. ती अणूंच्या ज्या कंपनांमधून वाहते, त्यांच्या लहरी बऱ्याचदा नॅनोमीटरच्याच मापाच्या असतात. हलक्या-जड अणूंची सरमिसळ त्यांना जागोजागी अडवते आणि लेसरचा दांडा तापत राहतो. जेट इंजिनाच्या पात्यांवर उष्णतारोधक लेप देणाऱ्यांना मात्र नेमकं हेच हवं असतं.