चालकविरहित वाहन

स्टिअरिंगला कोणी हात न लावता, रस्त्याकडे लक्षही न ठेवता चालणारी गाडी. सेल्फ-ड्रायव्हिंग, ड्रायव्हरलेस, ऑटोनॉमस हे शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरतात, आणि ती रोजच्या वापरात कधी येणार या वादातला निम्मा घोळ तिथेच आहे.

पहिली गाडी कोणती यावर एकमत नाही. १९२५ च्या सुमारास न्यूयॉर्कमधे हूडिना कंपनीने रिकाम्या सीटची गाडी फिरवली असं बरेच जण सांगतात, पण ती मागच्या गाडीतून रेडिओने चालवत होते, म्हणजे ड्रायव्हर होताच की, फक्त दुसऱ्या गाडीत. जपानमधल्या त्सुकुबाच्या प्रयोगशाळेतली साधारण १९७७ ची गाडी कॅमेऱ्याने रस्त्यावरच्या पांढऱ्या खुणा ओळखायची. म्युनिकच्या लष्करी विद्यापीठात एर्न्स्ट डिकमान्स यांनी १९८६-८७ च्या आसपास मर्सिडीजची व्हॅन स्वतःहून चालती केली आणि १९९५ मधे त्यांच्याच टीमची गाडी डेन्मार्कमधल्या ओडेन्सपर्यंत गेली, त्यामुळे कॅमेरा बघतो नि कॉम्प्युटर ठरवतो ही आजची पद्धत तिथून धरलेली बरी. त्याच वर्षी कार्नेगी मेलन या अमेरिकी विद्यापीठाच्या नॅवलॅब ५ या गाडीने अमेरिका आडवी पार केली, सुमारे ९८ टक्के अंतर हात न लावता, मात्र ब्रेक आणि अॅक्सिलरेटर माणसाकडेच होते, हे सांगायचं बहुधा राहून जातं.

डार्पा या अमेरिकी संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने २००४ मधे भरवलेल्या चालकविरहित गाड्यांच्या शर्यतीत वाळवंटातल्या २०० किमीहून मोठ्या मार्गावर सगळ्यात पुढची गाडी १२ किमीच्या आत अडकली, पुढच्याच वर्षी पाच गाड्यांनी शर्यत पूर्ण केली, आणि मग भाकितांना ऊत आला. टेस्लाच्या इलॉन मस्कने २०१९ मधे म्हटलं होतं की वर्षभरात दहा लाख रोबोटॅक्सी, म्हणजे ड्रायव्हर नसलेल्या टॅक्सी, होतील. झाल्या नाहीत.

एसएई या इंजिनिअरांच्या संस्थेने २०१४ मधे ० ते ५ अशा लेव्हल ठरवल्या. लेव्हल ४ म्हणजे ठरलेल्या हद्दीत, ठरलेल्या परिस्थितीत गाडीच सगळं बघणार, आणि ५ म्हणजे माणूस जिथे चालवू शकतो तिथे कुठेही. ४ हाच निकष धरला तर "कधी येणार" हा प्रश्न काही शहरांपुरता शिळा झालाय, गूगलमधून निघालेल्या वेमो कंपनीने ऑक्टोबर २०२० मधे अमेरिकेतल्या फिनिक्स शहराच्या भागात ड्रायव्हर नसलेली टॅक्सी सगळ्यांसाठी खुली केली (अडली की गाडी दूर बसलेल्या माणसाला विचारते, ते वेगळं). ५ धरला तर तारीख सांगणाऱ्यावर फार विसंबू नये. अडचण नेहमीच्या रस्त्याची नाहीच, क्वचित घडणाऱ्या गोष्टींची आहे. रँड संस्थेच्या २०१६ च्या हिशेबानुसार अशी गाडी जीवघेण्या अपघातांच्या बाबतीत माणसापेक्षा वाईट नाही एवढंच ९५ टक्के खात्रीने दाखवायला सुमारे ४४ कोटी किमी एकही बळी न जाता चालवावं लागेल, १०० गाड्या रात्रंदिवस पळवल्या तरी बारा-साडेबारा वर्षं.

अपघात झाल्यास जबाबदार कोण, यावर ब्रिटनने २०२४ मधे कायदा केला. गाडी स्वतः चालत असताना ती कशी चालली याची जबाबदारी त्यात सीटवरच्या माणसावर नाही, परवानगी मिळालेल्या कंपनीवर टाकली आहे.