दिव्यांग मुलाचा प्राथमिक शाळेतील प्रवेश आणि अभ्यासक्रमातील बदल : पात्रता, कागदपत्रे व अर्ज

दिव्यांग मुलाचे नाव घराजवळच्या साध्या प्राथमिक शाळेत घालण्यासाठी दिव्यांगत्व प्रमाणपत्र लागत नाही. हे सर्वांत आधी सांगायला हवे, कारण "आधी दाखला आणा, मग बघू" या एका वाक्यावर अनेक पालक हात हलवत परत जातात आणि मुलाचे वर्ष बुडते. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, 2009 नुसार 6 ते 14 वयोगटातील कोणत्याही मुलाला वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी घेता येत नाही, आणि आतापर्यंत शाळेत न गेलेल्या मुलाला त्याच्या वयानुरूप वर्गातच बसवावे लागते. जन्मदाखला, आधार कार्ड आणि राहण्याचा पुरावा हाताशी असल्यास काम लवकर होते, एवढेच.

खरा गोंधळ होतो तो 40 टक्क्यांच्या अटीचा. खासगी विनाअनुदानित शाळेतील 25 टक्के राखीव जागांसाठी महाराष्ट्रात दिव्यांग बालकाला 40 टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र द्यावे लागते. उत्पन्नाचा दाखला मात्र द्यावा लागत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मधील कलम 31 ही लक्षणीय, म्हणजे किमान 40 टक्के, दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षांपर्यंत जवळच्या किंवा विशेष शाळेत, त्याच्या पसंतीनुसार, मोफत शिक्षणाचा हक्क देते. परंतु अभ्यासक्रमात आणि परीक्षापद्धतीत योग्य ते बदल करण्याची तरतूद कलम 17 मध्ये आहे, आणि तेथे टक्केवारीचा उल्लेखच नाही. त्यामुळे 40 टक्क्यांहून कमी दिव्यांगत्व असलेल्यांना मिळणारे पांढऱ्या रंगाचे दिव्यांग ओळखपत्र पाहून "याला सवलत बसत नाही" असे शाळेने म्हटले, तर ते अभ्यासक्रमाच्या बाबतीत कायद्याला धरून नाही.

इयत्तावार अभ्यासक्रम राज्याची शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद ठरवते. शाळा तो बदलून टाकू शकत नाही, पण तो मुलापर्यंत कसा पोहोचवायचा हे ठरवणे शाळेच्या हातात असते. त्यासाठी वर्गशिक्षक, पालक आणि तालुका पातळीवरील गट साधन केंद्रातील विशेष शिक्षक यांनी मिळून वैयक्तिक शैक्षणिक आराखडा तयार करायचा असतो. हा आराखडा नमुना भरून फाइलला लावण्यासाठी नसतो, हे एका उदाहरणावरून लक्षात येईल. तिसरीत बसणारी, श्रवणयंत्र वापरणारी मुलगी ओठांच्या हालचालींवरूनही बरेच समजून घेत असेल, तर बाई फळ्याकडे तोंड करून जे बोलतात ते तिच्यापुरते वाया जाते. तिच्या आराखड्यात "विशेष लक्ष द्यावे" असे लिहून काही साधत नाही. "दुसऱ्या बाकावर, खिडकीकडे पाठ करून बसवणे, आधी लिहून मग वर्गाकडे वळून बोलणे, श्रुतलेखनाऐवजी चित्रावरून शब्द लिहून घेणे" असे लिहिले, तर उद्या बदली शिक्षक आले तरी त्यांना काय करायचे ते कळते. अधिक वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट यांचा उल्लेख तर कायद्यातच आहे.

यासाठी मुख्याध्यापकांच्या नावे साध्या कागदावर अर्ज करावा. मुलाचे नाव, इयत्ता, अडचण कोणत्या विषयात आणि नेमकी कोणत्या कृतीत येते, आणि पालकांना कोणते बदल हवे आहेत, हे त्यात लिहावे. वैद्यकीय अहवाल, चष्म्याचा नंबर किंवा श्रवणचाचणीचा आलेख असेल तो जोडावा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय उठू नये. तोंडी आश्वासनाला आवक क्रमांक नसतो.

प्रमाणपत्राची गरज पुढे भत्ते, शिष्यवृत्ती आणि इतर सवलतींसाठी लागतेच, म्हणून त्याचा अर्ज प्रवेशाबरोबरच करून ठेवावा. तो केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन भरायचा असून, मुलाचे अलीकडचे छायाचित्र, ओळखीचा पुरावा आणि आधार क्रमांक किंवा आधार नोंदणी क्रमांक लागतो. त्यानंतर निवडलेल्या शासकीय रुग्णालयात तपासणी होऊन प्रमाणपत्र व वैश्विक ओळखपत्र (यूडीआयडी कार्ड) मिळते. समग्र शिक्षा योजनेत पहिली ते बारावीच्या दिव्यांग मुलींना महिना 200 रुपयांप्रमाणे 10 महिने प्रोत्साहन भत्ता असून तो बँक खात्यावर जमा होतो, म्हणून मुलीचे खाते आधीच उघडलेले बरे. तीव्र किंवा बहुविध दिव्यांगत्वामुळे शाळेत येणे शक्य नसल्यास, शिक्षण हक्क अधिनियमातील 2012 च्या दुरुस्तीने गृहाधारित, म्हणजे घरीच घ्यायच्या, शिक्षणाचा पर्याय निवडण्याचा हक्क दिला आहे. तो निवडण्याचा अधिकार मुलाच्या बाजूचा आहे, शाळेने सोयीसाठी सुचवण्याचा नाही.

प्रवेश नाकारला गेल्यास स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे जिल्हा परिषद, नगरपालिका किंवा महापालिकेकडे, लेखी तक्रार करता येते व तिचा निर्णय तीन महिन्यांत देणे बंधनकारक आहे. दिव्यांग हक्कांच्या इतर तक्रारी पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे नेता येतात.

आराखडा दर सत्राला पुन्हा पाहावा. चौथीनंतर शाळा बदलणार असेल, तर शाळा सोडल्याच्या दाखल्याबरोबर आराखड्याची सही-शिक्क्याची प्रतही मागून घ्यावी, कारण दाखल्यावर जन्मतारीख असते, मुलगी कोणत्या बाकावर बसली तर तिला समजते ते नसते.