सँटोरिनीची पांढरी घरं आली कुठून

ग्रीसमधल्या सँटोरिनी बेटावर जायचं म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर तेच येतं, कड्यावर एकाला एक चिकटलेली पांढरी घरं, निळे घुमट, खाली गडद निळं पाणी. सुंदर आहेच, त्यात वाद नाही. पण तिथलं जवळपास प्रत्येक दृश्य कुठल्या ना कुठल्या उत्पातातून नाहीतर गरिबीतून तयार झालंय, आणि ते कळल्यापासून मला तरी तेच फोटो पूर्वीसारखे दिसत नाहीत.

मुळात आपण ज्याला बेट म्हणतो तो एका ज्वालामुखीच्या तोंडाचा उरलेला काठ आहे. इ.स.पू. १६०० च्या आसपास इथे प्रचंड मोठा स्फोट झाला, जमीन खचली आणि त्या जागी समुद्र शिरला. फिरा हे बेटाचं मुख्य गाव, तिथे कठड्याला टेकून आपण जे पाणी बघतो ते त्या खड्ड्यातलं, साधारण १२ किलोमीटर लांब आणि ७ रुंद, आणि भोवतीचे कडे ठिकठिकाणी ३०० मीटरपर्यंत सरळसोट उभे. सह्याद्रीचा कातळ बघत वाढलेल्या माणसाला त्या कड्यातले थर चटकन दिसतात, काळा, तांबडा आणि सगळ्यात वर राखेचा पांढुरका जाड थर. हा वरचा थर लक्षात ठेवा, सगळी पांढरी घरं त्याच्यातूनच आलीत. बीचेसचंही तेच, पेरिसा आणि कामारीची वाळू काळी कारण ती लाव्हाची, आणि उन्हाळ्यात दुपारी ती इतकी तापते की चप्पल काढायची सोय नसते.

त्याच राखेखाली अक्रोतिरी नावाचं एक आख्खं गाव गाडलं गेलं होतं. १८६० च्या दशकात सुएझ कालव्याच्या कामासाठी इथली राख खणून न्यायला लागले, कारण ती चुन्यात मिसळली की पाण्यातही घट्ट बसणारं सिमेंट होतं, आणि त्या खणण्यात पहिल्यांदा जुन्या भिंती लागल्या. नीट उत्खनन मात्र १९६७ मध्ये ग्रीक पुरातत्त्वज्ञ स्पिरिडॉन मारिनातोस यांनी सुरू केलं आणि १९७४ मध्ये तिथेच काम चालू असताना ते वारले. सापडलं काय, तर दोन-तीन मजली घरं, रस्त्याखालून गेलेली गटारं, धान्या-तेलाचे रांजण. माणसांचे सांगाडे मात्र नाहीत, म्हणजे आधी धक्के बसले असणार आणि लोक वेळेत निघून गेले असणार.

आणि भिंतींवरची चित्रं! त्यातल्या एका खोलीत निळी माकडं खडकांवर चढताना काढलीयत, ती आता फिराच्या म्युझियममध्ये आहेत. वर्षानुवर्षं ती आफ्रिकेतली माकडं समजली जायची. २०१९ मध्ये काही अभ्यासकांनी, त्यात प्राण्यांचे अभ्यासकही होते, शेपटीकडे नीट बघितलं. ती वर उचललेली आणि कमानीसारखी वळलेली आहे, आणि अशी शेपूट धरून चालतं ते आपलं वानर, आपण गावाकडे कौलांवर बघतो ते काळ्या तोंडाचं. त्या काळी ग्रीसजवळ वानरं कुठून येणार? त्यांचं म्हणणं असं की सिंधू संस्कृतीच्या बाजूने मेसोपोटेमियामार्गे व्यापार चालायचा, त्याच वाटेने हे प्राणी किंवा त्यांची चित्रं तिथवर पोचली असावीत. आपल्याकडे माकड वेगळं आणि वानर वेगळं हे लहान पोरालाही कळतं, म्हणून मला ही गोष्ट फार जवळची वाटते.

पुढची हजारो वर्षं भरभर सांगतो. ग्रीक लोक बेटाला थिरा म्हणतात, सँटोरिनी हे नाव मध्ययुगात इटलीकडच्या लोकांनी सांता इरिनीच्या चर्चवरून पाडलं. १२०४ च्या धर्मयुद्धानंतर व्हेनिसवाले आले, मग १५७९ मध्ये तुर्क, आणि एकोणिसाव्या शतकात बेट स्वतंत्र ग्रीसमध्ये गेलं. चाच्यांच्या भीतीने लोक तटबंदीच्या गावांत दाटीवाटीने राहायचे, पिर्गोस आणि एंपोरियोच्या बोळांत अजून ते कळतं.

आता घरं. बेटावर घरासाठी लाकूड नाही, झरे नाहीत म्हटलं तरी चालेल, दगड आणि राख मात्र हवी तेवढी. मग गरीब खलाशी आणि मजुरांनी कड्याच्या त्या राखेच्या थरातच खोल्या कोरल्या. समोर अरुंद भिंत, मधे दार, दोन बाजूंना खिडक्या, दारावर एक छोटा झरोका, आणि आत बोगद्यासारखी लांब खोली. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार. चुन्याने सारवलेल्या छतावरचं पावसाचं पाणी टाक्यात उतरायचं, तेच वर्षभर पुरवायचं. पैसेवाले जहाजमालक वर मोकळ्या जागेत मोठी घरं बांधायचे, कड्यात राहायची ती गरिबाघरची माणसं. आज त्याच कोरलेल्या खोलीला केव्ह स्वीट, म्हणजे गुहेतली खास खोली, म्हणतात आणि एका रात्रीचं भाडं ऐकून धाप लागते.

इया गाव म्हणजे सनसेटची गर्दी असं आपल्याला वाटतं, पण एकोणिसाव्या शतकात ते कप्तानांचं गाव होतं, तिथली शिडाची जहाजं वाईन घेऊन रशियापर्यंत जायची. मग वाफेची जहाजं आली, धंदा अथेन्सजवळच्या पिरेयसला गेला, आणि १९१७ च्या क्रांतीनंतर रशियाचं गिऱ्हाईकही तुटलं. द्राक्षवेली मात्र अजून तशाच वाढवतात, वाऱ्यापासून वाचवायला जमिनीलगत गोल टोपलीसारख्या विणतात आणि घड त्या टोपलीच्या आत लागतात.

त्यात ९ जुलै १९५६ ची पहाट उजाडली. ७.५ च्या आसपासचा भूकंप, पन्नासहून जास्त माणसं गेली, हजारो घरं पडली किंवा राहण्यालायक उरली नाहीत. लोक अथेन्सला निघून गेले आणि इया जवळपास ओस पडलं. १९७० च्या दशकात ग्रीक सरकारच्या पर्यटन खात्याने तिथली पडकी घरं दुरुस्त करून पाहुण्यांसाठी उघडायला सुरुवात केली, विमानतळही त्याच दशकात सुरू झाला. आज पोस्टकार्डवर दिसणारं इया ते हे, पडून परत उभं केलेलं.

पुढचं सगळ्यांना माहीतच आहे. कायमचे रहिवासी पंधरा-सोळा हजार आणि २०२३ मध्ये पर्यटक आले सुमारे ३४ लाख, म्हणून २०२५ पासून क्रूझने येणाऱ्यांवर रोज ८,००० ची मर्यादा घातली. पाणी आता समुद्राचं गोडं करून पुरवावं लागतं, जुनी टाकी काही ठिकाणी हॉटेलवाल्यांनी पोहण्याचे हौद करून टाकलीयत, आणि हे मला मनापासून खटकतं. २०२५ च्या फेब्रुवारीत परत धक्क्यांमागून धक्के बसायला लागले, शाळा बंद झाल्या, आणीबाणी जाहीर झाली आणि ११ हजारांवर लोक बोटी-विमानांनी बेट सोडून गेले. १९५६ ला जी लहान मुलं होती त्यातली काही आज आजी-आजोबा होऊन तिथेच राहतायत, त्यांच्या त्या रात्री कशा गेल्या असतील याचाच मी विचार करत होतो.