ब्लॉकचेनची नोंद आणि प्रयोगशाळेचा अहवाल: एक नाहीत

काकाडू प्लम हे उत्तर ऑस्ट्रेलियातलं ऑलिव्हएवढं, हिरवट, आंबट फळ. हिरडा, बेहडा, अर्जुन यांचा हा नातलग, सगळेच टर्मिनॅलिया या प्रजातीतले. संत्र्याच्या कितीतरी पट सी जीवनसत्त्व असल्यामुळे त्याला बाजारात भाव आहे. किंबर्लीपासून आर्नहेम लँडपर्यंतच्या रानातून ॲबोरिजिनल, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी समाजातली माणसं, बऱ्याच ठिकाणी बायका, ते हाताने तोडून आणतात. पुढे त्याची पावडर होते आणि पावडर झाली की ते काकाडू प्लम आहे की आवळा, हे डोळ्यांना कळायचं बंद होतं.

अशा पाकिटावर क्यूआर कोड आला आणि खाली ‘ब्लॉकचेनवर पडताळलेलं’ असं छापलं, तर गिऱ्हाईक समजतं की आतला माल कुणीतरी तपासलाय. ब्लॉकचेनने पावडरीकडे बघितलेलंसुद्धा नसतं.

ब्लॉकचेन ही नोंदवही आहे. अमुक किलो फळ अमुक दिवशी अमुक केंद्रावर आलं, तिथून गोठवायला गेलं, अशा नोंदींचे गठ्ठे होतात आणि प्रत्येक गठ्ठ्यात आधीच्या गठ्ठ्याचा हॅश, म्हणजे त्यातल्या मजकुरावरून गणिताने काढलेली खूण, बसवलेली असते. मागची एक नोंद बदलली की पुढच्या सगळ्या खुणा जुळेनाशा होतात. वहीच्या प्रती अनेकांकडे असल्यामुळे गुपचूप खाडाखोड अवघड. पण पहिल्याच दिवशी ५० किलोचे ८० किलो लिहिले, तर ते ८० किलो तितक्याच इमानाने जपले जातात. वॉलमार्टने आयबीएमबरोबर आंब्यांवर केलेला प्रयोग नेहमी पुढे केला जातो: फोडींचं पाकीट कुठल्या शेतातून आलं हे शोधायला आधी जवळजवळ ७ दिवस लागले, नंतर २.२ सेकंद. ते खरंच आहे. पण तिथे वेग मोजला होता, खरेपणा नाही.

प्रयोगशाळा उलट्या बाजूने येते. तिला कागदांशी देणंघेणं नाही, पावडर हवी. डीएनएवरून झाडाची जात कळते. ऑक्सिजन, हायड्रोजन यांच्या समस्थानिकांचं, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या हलक्या-जड अणूंचं, प्रमाण पावसागणिक आणि समुद्रापासूनच्या अंतरागणिक बदलतं, ते फळात उतरतं. त्यावरून प्रदेशाचा अंदाज बांधता येतो. अट एवढीच की त्या त्या भागातले खात्रीचे नमुने आधी गोळा करून ठेवलेले हवेत. रानात विखुरलेल्या झाडांसाठी हे काम सोपं नाही. शिवाय अर्क काढला किंवा जास्त प्रक्रिया झाली की डीएनए तुटतो.

म्हणजे प्रयोगशाळा जास्त भरवशाची? भेसळीपुरती, हो. पण इथे खरा वाद भेसळीपेक्षा पैशाचा आहे. मॅकाडेमिया ही कवचाची बी मूळची ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड आणि न्यू साउथ वेल्सची. तिचा व्यापार वाढला हवाईत. फिंगर लाइम हे लिंबूही ऑस्ट्रेलियाचंच, आज ते कॅलिफोर्नियातही पिकतं. ज्यांनी ही फळं पिढ्यान्‌पिढ्या ओळखली, त्यांच्या पदरात फार थोडं पडलं. ‘हे कोणी तोडलं, तोडायला कोणाची परवानगी होती, किती दाम मिळाला’ याचं उत्तर कुठल्याही समस्थानिकात नाही. ते नोंदीतूनच मिळणार. म्हणून ब्लॉकचेनला हसून सोडून देण्यात अर्थ नाही. फक्त पहिली नोंद कोण करतं, ते बघावं. ती तोडणाऱ्यांच्या संस्थेने केली तर वहीला वजन आहे. शहरातल्या घाऊक व्यापाऱ्याच्या गोदामात केली, तर चार गावचा माल आधीच एकत्र झालेला असतो.

आणि यात एक मेख आहे. न पुसता येणाऱ्या वहीत झाडांची नेमकी ठिकाणं लिहिली, तर ती कायमची उघडी पडतात. त्यातल्या काही जागा पवित्र मानल्या जातात, बाहेरच्याला सांगायच्या नसतात. यावर तोडगा म्हणजे ब्लॉकचेनवर फक्त हॅश ठेवायचा आणि तपशील समाजाच्या संस्थेकडेच राहू द्यायचा. मग गिऱ्हाइकाला कोड स्कॅन करून एवढंच दिसेल की संस्थेने हो म्हटलंय.