दुसरं डोकं काढलं की दुसरं धडही येतं

नाशिकमधल्या दुसरी-तिसरीच्या मुलांना 'निसर्गचित्र काढा' म्हटलं की दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नारळाचं झाड आणि चारच्या आकड्यासारखे पक्षी कागदावर हजर होतात. त्र्यंबक रस्त्याने जाताना दिसणारी अंजनेरी आणि ब्रह्मगिरी मात्र सपाट माथ्याची आहेत, कारण लाव्हाचे थर एकावर एक साचून हे डोंगर झाले. चित्र पाहून पालक म्हणतात, 'आमच्या मुलाकडे कल्पनाशक्तीच नाही.' हा निष्कर्ष चुकीचा आहे. मुलाचं डोकं अडत नाही, हाताला बसलेला क्रम अडवतो.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ अ‍ॅनेट कार्मिलॉफ-स्मिथ यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेला अभ्यास इथे फार मोलाचा आहे. साधारण चार ते अकरा वर्षांच्या मुलांना त्यांनी आधी साधं घर, माणूस, प्राणी काढायला सांगितलं आणि मग 'कुठेच नसलेलं' घर, माणूस, प्राणी. लहान मुलांनीही बदल केले, पण ते आकार बदलण्याचे किंवा एखादा भाग गाळण्याचे होते आणि गाळलेला भाग बहुधा चित्रात शेवटी येणारा असे. आठ-दहा वर्षांच्या मुलांनी अवयवांच्या जागा बदलल्या, घराला पंख लावले.

हे असं का होतं? डोकं, डोळे, धड, हात, पाय हा क्रम मूल सरावाने बसवतं. एकदा बसला की तो पाढ्यासारखा सलग धावतो. 'सात सक किती?' विचारलं की नुकताच पाढा पाठ केलेलं मूल 'सात एके सात'पासून सुरू करतं, तसंच हेही. शेवटी थांबता येतं, मध्ये काही घुसवता येत नाही. म्हणूनच दोन डोक्यांचा माणूस काढायला सांगितल्यावर पाच वर्षांच्या मुलांपैकी अनेकांनी दुसऱ्या डोक्याखाली दुसरं धड आणि दुसरे हातपायही काढून टाकले. पुढे या सलग क्रमाचे तुकडे सुटे होतात. प्रत्येक तुकडा मुलाला वेगळा उचलता येतो आणि मग पक्ष्याचा तुकडा घराच्या क्रमात बसतो. नंतरच्या प्रयोगांत असंही दिसलं की नमुना दाखवला तर लहान मुलांनाही हे जमतं.

नाशिककरांकडे असा नमुना गोदाघाटावर उभाच आहे: पुढे एक आणि मागे एक तोंड असलेला दुतोंड्या मारुती. मूर्ती किंवा तिचा फोटो मिनिटभर दाखवा आणि बाजूला करा. समोर राहिला तर मुलं कल्पना सोडून नक्कल करतात. खोडरबर काढून घ्या. मागचं तोंड आधी काढायला सांगा, पुढचं नंतर, आणि धड एकदाच. 'शेवटी काहीतरी वेगळं घाल' असं कधीही सांगू नका, नेहमीचंच चित्र पूर्ण होऊन त्याला वर पंख चिकटतात.

मोठी माणसंही यातून सुटत नाहीत. मानसशास्त्रज्ञ थॉमस वॉर्ड यांच्या १९९४ च्या प्रयोगात परग्रहावरचे प्राणी काढताना कॉलेजच्या विद्यार्थ्यांनीही बहुतेक वेळा डोळे, पाय आणि दोन्ही बाजूंना सारखं शरीर असलेलेच प्राणी काढले. म्हणून 'विचित्र प्राणी काढ' म्हणण्यापेक्षा गरज सांगा: तो पूर्ण अंधारात राहतो, जमिनीला न टेकता झोपतो, त्याला काय काय लागेल? आधी तीन वाक्यं लिहायची, मग चित्र. शब्दात 'घराला पंख' सहज लिहिता येतात, हाताचा क्रम तिथे आड येत नाही.

मध्यमेंदू जागा करून मुलांना डोळ्यांवर पट्टी बांधून रंग ओळखायला शिकवतो, असा दावा करणाऱ्या 'मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन'च्या वर्गांवर पैसे घालवू नका. पट्टी बांधलेली मुलं नाकाजवळच्या फटीतून पाहून रंग ओळखतात. मध्यमेंदू डोळ्यांच्या हालचाली, आवाजाकडे मान वळवणं अशी कामं पाहतो आणि तो जन्मापासून सुरूच असतो. मुलाला फसवायची सवय लागते, हे नुकसान फीपेक्षा मोठं आहे.

लेखनासाठीही तोच मारुती घ्या. पाणी त्याच्या कुठवर चढलं यावरून नाशिककर गोदेचा पूर मोजतात. एका कागदाला दोनदा घडी घालून चार चौकटी करा: पाणी पायाशी, गुडघ्याशी, कमरेला, छातीला. प्रत्येकीत एक चित्र आणि मागच्या तोंडाला दिसणारी, पण पुढच्याला न दिसणारी एक गोष्ट. पहिली-दुसरीच्या मुलांना दोनच चौकटी द्या, चार दिल्या तर तिसरीत कंटाळून पहिलंच चित्र पुन्हा काढतात. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका त्या दिवशी दाखवू नका, दुसऱ्या दिवशी मुलालाच मोठ्याने वाचायला लावा, बऱ्याच चुका त्याला स्वतःलाच सापडतात.