मुंग्या नेमक्या कुठल्या बोटाला?

रात्री साडेतीनच्या सुमारास डाव्या हाताला मुंग्या येऊन जाग यायची. हात झटकला, दोन-चार मिनिटं मूठ उघडझाप केली की जायच्या. पहिल्या दोन रात्री दुर्लक्ष केलं. तिसऱ्या रात्री मोबाइल उशाशी होताच, आणि पंधरा मिनिटांत मी मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारापर्यंत पोचलो. पुढच्या आठवड्यात मधुमेह, बी-१२ची कमतरता, मानेच्या मणक्यातली गादी आणि नाव धड उच्चारता येऊ नये असे आणखी दोन आजार वाचून झाले. डॉक्टरांसमोर बसलो तो जय्यत तयारीनिशी. त्यांनी विचारलं, "मुंग्या नेमक्या कुठल्या बोटांना येतात?"

"सगळ्याच... म्हणजे, हातालाच."

"अंगठ्यालाही?"

मला सांगता येईना. दहा रात्री वाचन केलं होतं, हाताकडे मात्र एकदाही नीट पाहिलं नव्हतं.

प्रश्न वरवर साधा, पण त्यामागे शरीराचं वायरिंग आहे. अंगठा, तर्जनी, मध्यमा आणि अनामिकेची मध्यमेकडची अर्धी बाजू यांची संवेदना मीडियन नावाची नस वाहून नेते. ती मनगटातल्या एका अरुंद बोगद्यातून जाते. करंगळी आणि अनामिकेची उरलेली अर्धी बाजू अल्नार नसेकडे. ती कोपराच्या आतल्या बाजूच्या खाचेतून जाते. कोपर दाराच्या कडेवर आपटलं की जी झणझणीत कळ जाते, ती हिचीच. म्हणजे हद्द एकाच बोटाच्या मधोमध आखलेली आहे. नस मानेपाशी दबली असेल, तर अनामिका सहसा अशी दुभंगत नाही. आणि मधुमेहाच्या मुंग्या बहुधा पायांच्या बोटांपासून सुरू होतात. अर्ध्या बोटाचं उत्तर मी देऊ शकलो असतो, तर माझी निम्मी यादी तिथेच निकालात निघाली असती.

मग नेटवर शोधताना गाडी हमखास भयंकर आजाराच्या फलाटावरच का लागते? मायक्रोसॉफ्टमधल्या रायन व्हाइट आणि एरिक हॉर्विट्झ यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात डोकेदुखीचं उदाहरण आहे. शोधाच्या निकालांत मेंदूतली गाठ आणि कॉफी सोडल्यामुळे होणारी डोकेदुखी जवळपास सारख्याच प्रमाणात दिसत होत्या. प्रत्यक्षात मेंदूचा कर्करोग वर्षाला दहा हजारांत एकालाही होत नाही. सकाळची कॉफी चुकल्यावर डोकं धरून बसणारे मात्र प्रत्येक ऑफिसात सापडतात. पण कॉफीवर लेख कोण लिहिणार?

गोम आकडेमोडीत आहे. समजा, एक लाख लोकांपैकी १० जणांना एक दुर्मीळ आजार आहे आणि त्या दहाही जणांना मुंग्या येतात. त्याच लाखात हात अंगाखाली दबल्यासारख्या किरकोळ कारणाने मुंग्या येणारे १०,००० आहेत, असं धरू. 'या आजारात मुंग्या येतात का?' याचं उत्तर शंभर टक्के हो. 'मुंग्या येतात, म्हणून हा आजार आहे का?' याचं उत्तर हजारात एक. आपल्याला हवं असतं दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, आणि वाचत असतो पहिल्याचं.

लक्षणं भरली की आजाराचं नाव सांगणाऱ्या ॲप्सची स्थितीही एके काळी बेताचीच होती. २०१५ साली अशी २३ साधनं ४५ ठरावीक रुग्णकथांवर तपासली, तर योग्य निदान पहिल्या क्रमांकावर फक्त ३४ टक्के वेळा आलं. तरी 'नेटवर वाचूच नका' असं दटावणाऱ्यांशी मी सहमत नाही. अमेरिकेत ५,००० जणांना एक काल्पनिक केस देऊन शोधायला लावलं होतं. २०२१ साली छापून आलेल्या त्या अभ्यासात लोकांचे निदानाचे अंदाज थोडे सुधारले आणि घबराट वाढली नाही. वाचण्यात गैर काही नाही. माझ्यासारखं फक्त वाचतच बसू नये इतकंच.

कारण डॉक्टरांना जे लागतं ते दुसरंच असतं. १९७५ साली ब्रिटनमध्ये बाह्यरुग्ण विभागातल्या ८० नव्या रुग्णांचा अभ्यास झाला. त्यातल्या ६६ जणांचं निदान रुग्णाची हकिकत आणि पाठवणाऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी एवढ्यावरच बरोबर ठरलं होतं. अंगावर हात ठेवून तपासल्याने ७ जणांचं बदललं, प्रयोगशाळेतल्या तपासण्यांनी आणखी ७ जणांचं. तंत्रज्ञान तेव्हापासून कुठल्या कुठे गेलं, पण कुठली तपासणी करायची हे अजूनही हकिकतीवरूनच ठरतं.

ती सांगायला वेळ फार मिळत नाही, ही तक्रार जुनी आहे. १९८४च्या एका अमेरिकी अभ्यासात डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत रुग्णाला मध्येच तोडत होते. पुढे २००२ साली स्वित्झर्लंडमध्ये डॉक्टरांना गप्प बसून ऐकायला सांगितलं, तेव्हा रुग्ण सरासरी ९२ सेकंदांत आपणहून थांबले. दीड मिनिट!

त्या दीड मिनिटात आठवणीवर विसंबणं धोक्याचं. दुखण्याची आठवण त्याच्या सर्वांत तीव्र क्षणावर आणि शेवटावर ठरते, ते किती वेळ टिकलं याला मन फारसं मोजत नाही. आणि कालावधीच तर मोलाचा: उपचार न घेतलेली मायग्रेन साधारण ४ ते ७२ तास चालते, क्लस्टर डोकेदुखी १५ मिनिटं ते ३ तास. म्हणून त्याच वेळी लिहून ठेवायचं. 'त्याच वेळी' याला महत्त्व आहे, कारण माणूस लबाड असतो. एका अभ्यासात जुनाट दुखण्याच्या रुग्णांना कागदी डायऱ्या दिल्या आणि वही कधी उघडली हे टिपणारा प्रकाशसंवेदक त्यात लपवला. ठरल्या वेळी नोंद केल्याचा दावा ९० टक्के, खरी नोंद ११ टक्के. बाकीच्या नोंदी ठरल्या वेळी केलेल्याच नव्हत्या.

औषधांच्या पट्ट्याही सोबत न्याव्यात, केसांसाठीच्या गोळ्यासुद्धा. त्यांतलं बायोटिन जास्त मात्रेत असेल, तर थायरॉइडच्या रक्ततपासणीचे आकडे चुकू शकतात.

चेहऱ्याची एक बाजू अचानक ओघळली, हात उचलेना, बोलणं अडखळलं, छातीवर दाब येऊन घाम फुटला, तर मात्र डायरी नाही आणि मोबाइलही नाही, सरळ रुग्णालय. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, त्यामुळे 'शेवटचं ठीक कधी होतं' ही वेळ तेवढी लक्षात ठेवायची.

माझं प्रकरण तसं नव्हतं. हातातली ताकद शाबूत असल्याचं पाहून डॉक्टरांनी मला दोन आठवडे नोंद करायला सांगितलं. दुसऱ्याच रात्री दिवा लावून पेनाच्या टोकाने एकेक बोट तपासलं. करंगळी बधिर, अनामिकेची तिच्याकडची बाजू बधिर, दुसरी बाजू अगदी ठणठणीत. आणि कोपर? पूर्ण दुमडलेलं, हात उशीखाली.

दोन आठवड्यांनी वही दाखवली. डॉक्टरांनी कोपराच्या आतल्या खाचेवर बोटाने टकटक केलं, तशी कळ थेट करंगळीत. झोपताना कोपराला टॉवेल गुंडाळायचा, म्हणजे ते पुरतं वाकणार नाही, असं ठरलं. पहिल्या दोन रात्री मी तो झोपेत सोडून फेकून दिला. वहीतली पुढची नोंद: 'टॉवेल जागेवर. जाग नाही.'