त्रास कधी सुरू होतो आणि रिपोर्ट कधी खरा बोलतो

मागच्या पावसाळ्यात मिरजेतल्या आमच्या लॅबच्या काउंटरवर एक जण आला. रेनकोट अंगातच. खिशातून चार घड्यांचा कागद काढला, दुसऱ्या लॅबचा एचआयव्ही रिपोर्ट. "मॅडम, निगेटिव्ह हाय नव्हं? आन् मला त्रास पण काय नाही. सुटलो म्हणायचं?"

"दादा, संबंध आला त्याला किती दिवस झाले?"

त्यानं बोटांवर मोजलं. नऊ.

त्रास नाही ही एक गोष्ट आणि रिपोर्ट निगेटिव्ह ही दुसरी, पण त्यानं दोन्ही एकाच तागडीत टाकल्या होत्या. रोगाचा जंतू अंगात शिरल्यापासून त्रास सुरू होईपर्यंतच्या काळाला डॉक्टर इन्क्युबेशन पिरियड म्हणतात. जंतू शिरल्यापासून तपासणीत तो सापडायला लागेपर्यंतचा काळ म्हणजे विंडो पिरियड. दोन्हींची सुरुवात त्याच रात्री होते, म्हणून गल्लत होते. संपतात मात्र वेगवेगळ्या दिवशी.

सांगलीकराला हे पुराच्या भाषेत लवकर कळतं. कोयना धरणातून विसर्ग वाढवला की सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी चढायला वेळ लागतो. पुलाजवळची पातळी 40 फुटांना इशारा, 45 फुटांना धोका दाखवते. ती पाहणं म्हणजे तपासणी; घरात पाणी शिरणं म्हणजे लक्षणं. विसर्ग सुटल्या सुटल्या पातळी पाहून "पूर नाही" म्हणणारा आणि "माझ्या उंबऱ्याला पाणी लागलं नाही, म्हणजे नदी कोरडी" म्हणणारा, दोघंही चुकतात. पण चूक एकच नव्हे.

कोणतं आधी येईल ते रोगावर अवलंबून. हिपॅटायटिस बीमध्ये तपासणी पुढे धावते: रक्तात त्याचं अँटिजेन (विषाणूचाच एक अंश) साधारण चार आठवड्यांत सापडतं, कावीळ दिसायला मात्र सरासरी तीन महिने. सिफिलिस, म्हणजे आपल्याकडची जुनी 'गरमी', उलट वागते. साधारण तीन आठवड्यांनी (कधी 10 दिवसांत, कधी 90) एक न दुखणारा व्रण उठतो, आणि त्या सुरुवातीच्या दिवसांत व्हीडीआरएल, म्हणजे सिफिलिसची रक्ततपासणी, निगेटिव्ह येऊ शकते. पुढे तो व्रण आपोआप भरतो. माणूस खूश, रोग आत मुक्कामालाच.

परमा, म्हणजे गनोरिया, पुरुषांत बहुधा दोन ते पाच दिवसांत लघवीची आग आणि पू दाखवतो. अशा वेळी दिवस मोजत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. बायकांत तो बऱ्याचदा गप्प असतो. क्लॅमिडिया तर दोघांतही बहुतेक वेळा गप्पच, म्हणजे उंबऱ्याला पाणी कधी लागतच नाही. त्रास नसेल तर या दोन्हींची लघवीची किंवा स्वॅबची पीसीआर (जंतूचं जनुकीय द्रव्य शोधणारी) तपासणी दोन आठवड्यांनी केलेली बरी.

आता एचआयव्ही, ज्याची सगळ्यांना धास्ती. काहींना दोन ते चार आठवड्यांत ताप, घसादुखी, पुरळ येतं. ते व्हायरल समजून सोडून दिलं जातं, आणि मग कित्येक वर्षं शांतता. तपासणी कधी बोलेल हे किटवर ठरतं. विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचं जनुकीय द्रव्य, शोधणारी तपासणी 10 ते 33 दिवसांत पकडते. शिरेतल्या रक्तावरची अँटिजेन-अँटिबॉडी, म्हणजे 'फोर्थ जनरेशन', 18 ते 45 दिवसांत. फक्त अँटिबॉडी (विषाणूविरुद्ध शरीरानं तयार केलेली प्रथिनं) पाहणारं रॅपिड किट 23 ते 90 दिवसांत. म्हणून रिपोर्टवर निकालाआधी तपासणीचा प्रकार वाचावा. तो न लिहिणाऱ्या लॅबचा मला स्वतःला राग येतो. आणि या मधल्या काळात कागद निगेटिव्ह असला तरी रोग दुसऱ्याला लागू शकतो. उलट पहिल्या काही आठवड्यांत रक्तात विषाणूंची गर्दी फार असते.

त्रासाची किंवा रिपोर्टची, कशाचीही वाट न पाहता करायची गोष्ट म्हणजे पेप, एचआयव्ही लागू नये म्हणून घ्यायचा गोळ्यांचा कोर्स. धोका झाल्यापासून 72 तासांच्या आत, जितक्या लवकर तितकं चांगलं, गोळ्या सुरू करून 28 दिवस घ्यायच्या. कंडोम फाटला असेल किंवा वापरलाच नसेल तर लॅबआधी सिव्हिल गाठा. तिथल्या आयसीटीसीमध्ये, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, एचआयव्ही तपासणी मोफत होते, आधी समुपदेशक बोलतो, आणि 2017च्या एचआयव्ही कायद्यानं तुमच्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही. जायला लाज वाटत असेल तर आधी 1097 या एड्स हेल्पलाइनवर फोन करा. पेप घेतली तर तपासणीच्या तारखा बदलतात, त्या डॉक्टरांकडूनच लिहून घ्या.

त्या माणसाची पेपची वेळ सहा दिवसांपूर्वीच निघून गेली होती. मी त्याच्याच रिपोर्टच्या मागे 45व्या आणि 90व्या दिवसाच्या तारखा लिहून दिल्या, शेजारी व्हीडीआरएल आणि हिपॅटायटिस बी. दुसरी तारीख दिवाळीच्या तोंडावर येत होती. त्यानं कागदाच्या पुन्हा चार घड्या घातल्या आणि दारात थांबून हळूच विचारलं, "तोवर घरी?"

"तोवर निरोध, दादा. घरी सुद्धा."